मदत हवी आहे: नाताळच्या कार्डासाठी दोनपैकी कुठला फॅमिली फोटो घेऊ? (घाई आहे)

जाईजुई
कुणीतरी लवकर सांगा. नाताळची फोटो कार्डं छापायला टाकायची आहेत आणि तीन रात्री मी एकाच जागी अडकले आहे. दोन फोटो आहेत. पहिल्यात सगळे नीट आलेत, पण सासूबाईंचे डोळे मिटलेत. दुसऱ्यात सासूबाई इतक्या छान हसतायत, पण धाकटा भलतीकडेच बघतोय. छपाईच्या वेबसाइटवरचं डिझाइन ठरलंय. त्यात कुठलाही फोटो टाकला की कडेची माणसं कापली जातात, शिवाय पिवळा त्रिकोण येतो. कुणालाही कापून चालणार नाही. कुठला घेऊ?

रानवाट
धाकटा म्हणजे कोण, मुलगा की दीर? दोन वर्षांचं पोर असेल तर कुठेही बघू दे, गोडच दिसतं. मोठा माणूस असेल तर वेगळा विचार करावा लागेल.

कृष्णधवल
माणसं किती? फोटो आडवा की उभा? कार्ड आडवं की उभं? केवढं? फोटो कशावर काढलाय? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

माझी_डायरी
मी गेल्या वर्षीपासून कार्डं छापणं बंद केलं. फोटोंचा एक मिनिटाचा व्हिडिओ करते, मागे घंटांचा आवाज घालते आणि सगळ्यांना पाठवते. पाकिटं नकोत, पत्ते नकोत. तुम्हीही तेच करा.

जाईजुई
कार्डंच हवी आहेत. सासूबाईंच्या मैत्रिणी फोन वापरत नाहीत, आणि मुख्यतः त्यांच्यासाठीच हे चाललंय.
धाकटा म्हणजे माझा मुलगा, तीन वर्षांचा. माणसं अकरा, सगळी एका ओळीत. दीर-जाऊबाई सहा वर्षांनी आले होते, म्हणून सगळे एकत्र असलेले हे दोनच फोटो. कार्ड पाच बाय सात इंच, उभं. फोटो फोनवरचा आहे, आडवा.

कृष्णधवल
म्हणजे गोची फोटोत नाही, डिझाइनमध्ये आहे. फोनचा आडवा फोटो बहुतेक वेळा चारास तीन या प्रमाणात असतो. त्यातून पाच बाय सातचा उभा तुकडा काढला की जवळजवळ अर्धी रुंदी जाते. अकरातली चार-पाच माणसं बाहेर पडणारच, तुम्ही फोटो कितीही सरकवा. आडवं डिझाइन घेतलंत तर फक्त वरखालची जराशी पट्टी जाईल.
पिवळा त्रिकोण वेगळा. फोटोत पिक्सेल, म्हणजे फोटो ज्यांनी बनतो ते ठिपके, कमी आहेत असं तो सांगतोय. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे पाच बाय सातला १५०० गुणिले २१००. तुमचा फोटो केवढा आहे?

जाईजुई
१६०० गुणिले १२०० दिसतंय. पण डिझाइन बदलायचं नाही हो, त्यावरची पानांची नक्षी सासूबाईंनी निवडली आहे.

तळ्याकाठी
१६०० गुणिले १२०० म्हणजे व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो! तिथे तो दाबून लहान होतो. माझ्या बहिणीच्या कार्डाला हेच झालं होतं, स्क्रीनवर लख्ख आणि छापून आल्यावर चेहरे धुरकट. तिला सगळी कार्डं परत छापावी लागली. मूळ फोटो कुणाच्या फोनमध्ये आहे?

जाईजुई
पुतण्याच्या. त्याने फोन टेबलावर टेकवून टायमर लावला होता. मग ग्रुपवर टाकला.

कृष्णधवल
बरोबर. १२०० उंचीचा फोटो उभ्या कार्डाच्या सात इंचांवर ताणला की इंचाला १७१ पिक्सेल उरतात, त्रिकोण येणारच. पुतण्याकडून मूळ फाइल मागवा, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा किंवा ईमेलने. फोटो म्हणून पाठवला तर पुन्हा दाबला जाईल.

शुभ्रफुला
कार्ड मॅटच घ्या, म्हणजे बिनचमकीचं. ग्लॉसी, म्हणजे चकचकीत, घेऊ नका. बोटांचे ठसे उमटतात आणि दिव्याखाली चेहरे चमकून काही दिसत नाही.

रंगपेटी
हे सरसकट सांगू नका. ग्लॉसीवर काळा रंग खोल येतो, लाल-हिरवा खुलतो. मॅटवर तोच फोटो फिका पडतो. मी दोन्ही छापून शेजारी ठेवून पाहिलंय.

शुभ्रफुला
आणि ग्लॉसीवर सही करून पाहिलीत का? बॉलपेनची शाई पसरते, दोन मिनिटांनीही हाताला लागते. कार्डावर माणूस हाताने दोन ओळी लिहितो, त्यासाठीच तर कार्ड.

रंगपेटी
मागची बाजू साधी ठेवायची, तिथे लिहायचं. एका बाजूचंच लॅमिनेशन मिळतं.

ओंजळ
थोडं वेगळं सांगते, मला हा विषय फार आवडतो. छापून विकलेलं पहिलं नाताळ कार्ड १८४३ सालचं मानतात. लंडनच्या हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन हॉर्सली यांच्याकडून करून घेतलं होतं, साधारण हजार प्रती. त्यावर मधोमध एका घरातल्या तीन पिढ्या एकत्र बसलेल्या आहेत आणि दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न-वस्त्र देण्याची दृश्यं. त्यात एका लहान मुलीला वाइन पाजताना दाखवलंय म्हणून दारूबंदीवाल्यांनी टीकाही केली होती. पण बघा, सुरुवात कुटुंबाच्या चित्रानेच झाली. आणि आपला ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आलाय.

रानवाट
छान माहिती. पण जाईजुईंना चार दिवसांत ऑर्डर द्यायची असेल, आधी ते बघू.

चौकट
फोन टेबलावर होता म्हणजे दोन्ही फोटोंत चौकट जागची हललेली नसणार. मग सोपं आहे. दुसऱ्या फोटोतला सासूबाईंचा चेहरा पहिल्यावर बसवा. पाच मिनिटांचं काम, कुणाला कळणार नाही.

तळ्याकाठी
मला हे पटत नाही. उद्या हेच कार्ड घरातल्या अल्बममध्ये जाणार. जो क्षण झालाच नाही तो का ठेवायचा?

चौकट
दहा सेकंदांच्या अंतराने काढलेले दोन फोटो आहेत, माणसं तीच, जागा तीच. यात खोटं काय? मिटलेले डोळे छापले तर त्या माऊलीलाच वाईट वाटेल.

कृष्णधवल
चेहरा बसवायचाच तर मूळ फाइलवर बसवा, दाबलेल्या फोटोवर कडा उघड दिसतात. पण आधी सांगा, दुसऱ्या फोटोत मुलगा नेमका कुठे बघतोय? फ्रेमच्या बाहेर बघणारं मूल आणि फ्रेममधल्या माणसाकडे बघणारं मूल यांत फार फरक पडतो. मूल बाहेर बघत असेल तर पाहणाऱ्याची नजरही बाहेर जाते, आत बघत असेल तर आतच राहते.

जाईजुई
पुतण्याने मूळ फोटो पाठवला. ४०३२ गुणिले ३०२४. मोठा करून पाहिला. मुलगा सासूबाईंकडे बघतोय. त्या काहीतरी बोलल्या असणार, म्हणूनच दोघं हसतायत. लहान स्क्रीनवर मला हे कळलंच नव्हतं, मी तीन रात्री त्याला कॅमेऱ्याकडे बघत नाही म्हणून नाकारत होते.
दुसराच घेतेय. चेहरा बदलणार नाही.

रानवाट
झालं तर मग! आणि नक्षीचं काय?

जाईजुई
तीच पानं आडव्या डिझाइनमध्येही मिळाली, रंग जरा गडद आहे. सासूबाईंना दाखवलं, त्यांना चालतंय. पण आता नवीनच. ‘ख्रिस्तजयंतीच्या शुभेच्छा’ टाइप केलं की जोडाक्षरं तुटतात, ‘ख्रि’चा पाय वेगळाच पडतो.

कृष्णधवल
त्यांच्या वेबसाइटला देवनागरी जोडाक्षरं नीट जोडता येत नाहीत. मजकूर दुसरीकडे युनिकोड फॉन्टमध्ये लिहा, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल करा आणि चित्र म्हणून कार्डावर ठेवा. अक्षरं कडेपासून किमान पाच-सहा मिलिमीटर आत. छापल्यावर कडा कापतात, तेव्हा मिलिमीटरभर इकडेतिकडे होतं. कडेच्या माणसांचे खांदेही तेवढे आत ठेवा. आणि एक नमुना मागवा. छापील फोटो स्क्रीनपेक्षा बरेचदा काळसर येतो, बहुतेक थोडा उजळ करावा लागेल.

ओंजळ
उशीर झाला तरी हरकत नाही. नाताळचा काळ २५ डिसेंबरला संपत नाही, ६ जानेवारीला एपिफनीचा, म्हणजे ज्ञानी लोक बाळ येशूच्या भेटीला आले त्या आठवणीचा, सण येतो. आमच्या घरी तोवर आलेली कार्डं मांडून ठेवतात.

जाईजुई
नमुना मागवला. कडेला जाऊबाई, त्यांचा खांदा पूर्ण आलाय. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः कृष्णधवल.

शुभ्रफुला
मॅट घेतलंत की ग्लॉसी?

जाईजुई
मॅट. मागे सासूबाई स्वतः लिहिणार आहेत.