मदत हवी आहे: लेकीच्या गालावर पांढरा डाग, निळ्या दिव्याची तपासणी परत करून घ्यावी का?

बेदाणा:
नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले. लेक सात वर्षांची, दुसरीत आहे. द्राक्षबागेच्या खरड छाटणीच्या धांदलीत तिच्या डाव्या गालावर रुपयाएवढा फिकट डाग दिसला. सासूबाई म्हणाल्या, पोटात जंत झाले असतील. जंताची गोळी दिली, डाग होता तसाच. मग भावकीतल्या एका बाईंनी अंगणात चारचौघींसमोर "कोड दिसतंय" म्हटलं. त्या दिवसापासून घरात कुणाच्या घशाखाली घास नीट उतरलेला नाही. आशाताईंनी पोरीला डोळे मिटायला लावून डागावर कापूस फिरवला. तिनं दरवेळी बरोबर जागा दाखवली, तेव्हा कुष्ठरोगाची धास्ती जरा कमी झाली.

मागच्या आठवड्यात एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी निळा-जांभळा दिवा गालाजवळ धरला, "चमकतंय, कोड आहे" म्हणाले आणि सहा महिन्यांचं मलम लिहून दिलं. सगळं मिळून अर्धं मिनिट. दुपारचे बारा वाजले होते, खिडकीला पातळ पडदा होता आणि घरातून निघताना मीच तिच्या गालाला पेट्रोलियम जेली चोळली होती. मलम अजून सुरू केलेलं नाही. अशी तपासणी खरी धरायची का? त्या दिव्यानं पोरीला काही अपाय होतो का? मिरजेकडं कुठं न्यावं?

कृष्णाकाठ:
ताई, त्वचारोग हाच माझा विषय आहे म्हणून सांगतो, ही तपासणी धरू नका, परत करून घ्या. पेट्रोलियम जेली त्या दिव्यात स्वतःच निळसर चमकते आणि उजेडाच्या खोलीत खरा फरक कळतच नाही.

हा वूड्स लॅम्प. रॉबर्ट वूड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं १९०३ साली शोधलेल्या काचेवर तो बेतलाय. ती काच साधा उजेड बराचसा अडवते आणि ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण बाहेर सोडते. मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, हे किरण शोषतं. कोडाच्या जागी मेलॅनिनच नसतं, म्हणून कातडीतलं खालचं कोलॅजन नावाचं प्रथिन निळसर पांढरं उजळतं आणि डागाची कड पेन्सिलनं आखल्यासारखी दिसते. लहान मुलांच्या गालावर कोरडेपणातून येणारा पिटिरियासिस अल्बाचा डाग तसा उजळत नाही, त्याची कड विरत जाते. शिबं असतील तर पिवळट सोनेरी झाक दिसते. जांघेत जंतूंमुळं होणारा एरिथ्राझ्मा हा त्वचारोग पोवळ्यासारखा लाल दिसतो, पण तो रंग जंतूंनी तयार केलेला असतो. नुकतीच आंघोळ झाली असेल तर तो धुऊन गेलेला असतो.

आदल्या रात्रीपासून गालाला काही लावू नका. खोलीत पूर्ण काळोख हवा, दिवा मिनिटभर तापू द्यायचा, बघणाऱ्याचे डोळेही अंधाराला सरावू द्यायचे. एवढ्या वेळात कातडीला अपाय होत नाही. फक्त पोरीनं डोळे मिटून घ्यावेत. मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे, सकाळीच गाठा. आणि नोटा तपासायची बॅटरी मागवून घरी बघत बसू नका. त्यातल्या बऱ्याच ३९५ नॅनोमीटरच्या असतात, त्यांच्या जांभळ्या उजेडात काहीही पांढरं भासतं.

कराडकर:
एक अनुभव. आमच्या मुलाच्या डोक्यातल्या चट्ट्यावर दिवा धरला, काहीच चमकलं नाही. आम्हाला वाटलं सुटलो. पण डॉक्टरांनी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर नायटाच निघाला. नायट्याच्या बऱ्याच बुरशा या दिव्यात चमकत नाहीत म्हणे. ताई, चमकलं नाही तरी "मग काय आहे?" हे विचारल्याशिवाय उठू नका.

बेदाणा:
दादा, दोघांचे खूप आभार. काल मिरजेला जाऊन आलो. गाल कोरडा ठेवला होता. मॅडमनी दाराखालच्या फटीलासुद्धा चादर लावली. दिवा लागला तसा पोरीचा शाळेचा पांढरा शर्ट निळा झगझगला, ती हसली तर दातही चमकले. गालावरचा डाग मात्र तसाच मंद राहिला, कड कुठं संपते ते कळेना. मॅडम म्हणाल्या, हे कोड नाही, कातडी कोरडी आहे, साधं क्रीम लावा.

मी उठणार तेवढ्यात त्यांनी तिचे मोजे काढायला सांगितले आणि दिवा पायांवर फिरवला. उजव्या घोट्यामागं हरभऱ्याएवढा ठिपका, चुन्यासारखा पांढरा, कड एकदम स्पष्ट. रोज न्हाऊ घालते मी तिला, तिथं कधी नजरच गेली नव्हती. ते कोडच आहे असं म्हणाल्या. लहान आहे, आत्ताच उपचार सुरू करू. त्याचा फोटोही काढून ठेवला, दोन महिन्यांनी त्याच दिव्यात परत काढून शेजारी ठेवून बघणार आहेत.

स्पर्शानं ते पसरत नाही हे मॅडमनी सासूबाईंना स्वतः समजावलं, त्या शांत आहेत. आता एकच विचारायचंय. ज्यांच्या मुलांना कोड आहे त्यांनी शाळेत बाईंना आधीच सांगून ठेवलं, की कुणी विचारेपर्यंत थांबलात? आणि मुलाला स्वतःला काय शब्दांत सांगितलंत? ती परवापासून विचारतेय, "आई, मॅडमनी पायाचा फोटो का काढला?"