रविवारचा पोलिओ डोस परत द्यायचा का? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ओवीची आई, बी ३०४: एक विचारायचं होतं, रविवारी पोलिओचा बूथ आहे ना, ओवीला मागच्या महिन्यातच डोस झालाय आणि आता सर्दी पण आहे, नाक सारखं गळतंय, तर परत द्यायचा की नको? सासूबाई म्हणतायत आजारी लेकराला कशाला. आणि खरं सांगू का, हे परत परत का देतात तेच मला माहीत नाही

कबीरची मम्मी, ए ४०३: आम्ही देतो बाई दरवेळी. पण का देतात ते मलाही कुणी कधी सांगितलं नाही, बोटाला खूण करून घेतली की झालं

विहानचे बाबा, ए ७०१: आमचे सगळे डोस झालेत प्रायव्हेट डॉक्टरकडे, इंजेक्शनवाला पण. आणि आता पोलिओ आहे कुठे? २०१४ लाच पोलिओमुक्त झालो आपण. वर एक फॉरवर्ड आलाय की काही देशात थेंबांमुळेच पोलिओ होतोय, टाकतो इथे. चांगल्या धडधाकट मुलाला उगाच एक्स्ट्रा औषध का द्यायचं, माझं स्पष्ट मत आहे

सिस्टर, डी २०३: दादा फॉरवर्ड थांबवा जरा, आधी मी लिहिते मग टाका. इतकी वर्षं लसीकरणात काढलीत मी

पहिलं ओवीच्या आईचं. सर्दी खोकला, थोडा ताप, जुलाब, कशानेही थेंब अडत नाहीत. बाळ खूपच आजारी असेल, अॅडमिट वगैरे, किंवा प्रतिकारशक्तीचाच काही आजार असेल तर डॉक्टरांना विचारायचं, बाकी द्यायचा. थेंब दिल्यावर अंगावर पाजलं तरी चालतं, तेही बऱ्याच जणी विचारतात. आणि आजारी आहे म्हणून राहिलं ना, त्याचं काय होतं ते ऐका. आपल्या देशातली शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्याजवळची दीड वर्षाची मुलगी. घरात लस माहीत नव्हती असं नाही, पण ही सारखी आजारी असायची म्हणून हिचेच थेंब राहून गेले. मी तेव्हा ते वाचलं आणि दोन दिवस डोक्यातून गेलं नाही, कारण हेच वाक्य बूथवर आया मला रोज ऐकवायच्या

आता परत परत का. थेंबातला विषाणू जिवंत असतो पण कमजोर केलेला, तो आतड्यात जाऊन रुजला तर तिथे प्रतिकारशक्ती तयार होते. आणि प्रत्येक वेळी तो रुजतोच असं नाही, पोटात आधीच दुसरे विषाणू असले, जुलाब चालू असले तर तो डोस वाया जाऊ शकतो, आणि कुणाच्या पोटात रुजला कुणाच्या नाही ते बाहेरून कळत नाही. म्हणून सगळ्या लहान मुलांना एकाच वेळी परत देतात, त्याचा ओव्हरडोस होत नाही

विहानचे बाबा, ए ७०१: ओके हे नव्हतं माहीत. पण इंजेक्शन झालंय ना आमचं, ते तर जास्त भारी असेल

सिस्टर, डी २०३: भारी हलकं असं नाही दादा, कामं वेगळी आहेत. इंजेक्शनातला विषाणू मेलेला, तो रक्तात संरक्षण देतो, तुमच्या मुलाला लुळेपणापासून वाचवतो, पण आतड्यात त्याचा पहारा कच्चा. म्हणजे इंजेक्शन झालेल्या मुलाच्या पोटात विषाणू राहू शकतो आणि शीतून बाहेर पडू शकतो, मूल खेळतंय हसतंय, आणि शेजारच्या लस न झालेल्या बाळाला लागण. पोलिओ पसरतो तो असाच, शी, पाणी, न धुतलेले हात. बहुतेकांना काही लक्षणच दिसत नाही, साधारण दोनशे जणांना लागण होते तेव्हा एकाचा पाय किंवा हात जातो, म्हणून कुठे आहे ते दिसतच नाही. दोन्ही हवेत, थेंब पण आणि इंजेक्शन पण

थेंबांमुळे पोलिओ हे अर्धं खरं आहे, अर्धं आहे म्हणूनच लोक घाबरतात. जिथे खूप मुलं लसीवाचून राहतात तिथे तो कमजोर विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे महिनोन्महिने फिरत राहतो आणि फिरता फिरता बदलून परत ताकद धरतो. सगळ्यांना लस झालेली असली तर त्याला फिरायला जागाच मिळत नाही. न्यूयॉर्क राज्यात २०२२ ला एका तरुणाचे पाय गेले ते असेच, लस घेतलेली नव्हती. त्याच वर्षी लंडनच्या सांडपाण्यात विषाणू सापडला आणि तिथल्या मुलांना जादा डोस द्यावे लागले. गाझात २०२४ ला दहा महिन्यांचं बाळ, पंचवीस वर्षांनी पहिली केस, युद्धात त्याला लसच मिळाली नव्हती. आणि मूळचा जंगली पोलिओ पाकिस्तान अफगाणिस्तानात अजून आहे. आपल्याकडे नाही याचा अर्थ येणार नाही असा नाही हो

निवृत्त काका, बी १०१: सिस्टर, थेंब उन्हात खराब झालेले असतात म्हणतात त्याचं काय? बूथवर नुसती एक पेटी असते

सिस्टर, डी २०३: काका रविवारी या आणि बाटली हातात मागून घ्या, मी दाखवते. लेबलवर एक जांभळट गोल असतो आणि गोलाच्या आत फिकट चौकोन. उष्णता लागत गेली की तो चौकोन गडद होत जातो. गोलाच्या रंगाला टेकला की ती बाटली बाद, कितीही भरलेली असो. कुणीही आईबाप विचारू शकतात, आम्हाला राग येत नाही उलट बरं वाटतं

सी १०२ काकू: मी एरवी ग्रुपवर लिहीत नाही पण आज लिहिते. माझा डावा पाय तुम्ही सगळे बघता, कॅलिपर लावून लिफ्टची वाट बघत असते मी. सव्वा वर्षाची होते, नुकती पावलं टाकायला लागले होते. ताप आला, वडिलांनी दवाखान्यात नेलं, तिथे कमरेत इंजेक्शन दिलं, आणि दोन दिवसांनी आई पाळण्यातून उचलून उभं करायला गेली तर पाय नुसता लोंबत होता. आई जाईपर्यंत हेच म्हणायची की इंजेक्शन द्यायला नको होतं. कितीतरी वर्षांनी मला एका डॉक्टरांनी समजावलं की विषाणू आधीच अंगात होता, त्यात इंजेक्शन बसलं तर लुळेपणाचा धोका वाढतो. आईला हे ऐकायला मिळालं नाही. तिला लस असते हेच कुणी सांगितलं नव्हतं, आणि लस तर निघालेली होती तेव्हा. आता पंचेचाळीशीनंतर चांगला पाय पण दमायला लागलाय, त्याला पोस्ट पोलिओ म्हणतात. ए ७०१ मधल्या दादांना राग येऊ नये, पण एक्स्ट्रा हा शब्द मला लागला

विहानचे बाबा, ए ७०१: काकू सॉरी. मनापासून सॉरी. मी फॉरवर्ड टाकत नाही

कबीरची मम्मी, ए ४०३: काकू तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत

सिस्टर, डी २०३: अजून एक, सेक्रेटरी काका वाचत असतील तर. बूथवर जी मुलं येत नाहीत त्यांच्यासाठी सोमवारपासून टीम घरोघरी येते. मागच्या वेळी आपल्या गेटवर वॉचमनने त्या दोघींना परत पाठवलं, रजिस्टरमध्ये नाव नाही फोन लागत नाही म्हणून. झोपडीत टीम आत जाते आणि टॉवरमध्ये जाऊ देत नाहीत असं चाललंय. वर घरकाम करणाऱ्या मावश्यांची मुलं, लेबरची मुलं आपल्याच आवारात असतात दिवसभर, त्यांचे डोस त्या गेटवरच अडले

सेक्रेटरी काका, सी ६०१: वाचलं. आत्ताच गेटवर बोललो, सोमवारी सकाळी नऊपासून टीमला सोडायचं, लिफ्ट द्यायची आणि एक माणूस बरोबर फिरवायचा. क्लब हाऊसच्या कामावरच्या मुलांना पण बोलावून घेतो, कॉन्ट्रॅक्टरला सांगतो

ओवीची आई, बी ३०४: मी ओवीला घेऊन येते रविवारी, सासूबाईंना पण घेऊन येते, त्यांना तो चौकोन बघायचाय

विहानचे बाबा, ए ७०१: सिस्टर एक विचारू. तुमचं वाचून कार्ड काढलं कपाटातून. जन्माचा आहे, सहा, दहा, चौदा आठवड्यांचे सगळे आहेत. पण खाली सोळा ते चोवीस महिने लिहिलंय तिथला रकाना रिकामा आहे, तारीखच नाही. विहान सव्वादोन वर्षांचा झाला. मी सगळ्यांना सांगत होतो सगळे झालेत

सिस्टर, डी २०३: बूस्टर राहिलाय. उशीर झाला तरी देता येतो, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. रविवारी थेंब घ्या आणि येताना कार्ड पण आणा, अजून काय काय राहिलंय ते बघून तारीख लावून देते. बूथवरचे थेंब वेगळे आणि कार्डावरचा डोस वेगळा, तो नंतर घ्यावाच लागेल

विहानचे बाबा, ए ७०१: आणतो. नऊला येतो