किडनी रुग्णांच्या सरकारी विम्याला कात्री लावावी का?

जुनंपान (धागाकर्ता)

सरकारी आरोग्य विम्याचा खर्च वाढला की पहिली नजर डायलिसिसवर जाते. कारण उघड आहे. रुग्ण थोडे, बिल मोठं, आणि ते मरेपर्यंत चालू. अमेरिकेच्या मेडिकेअरमध्ये (मुळात पासष्टीच्या पुढच्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) किडनी पूर्ण निकामी झालेले रुग्ण लाभार्थ्यांच्या सुमारे १ टक्का, पण खर्चात त्यांचा वाटा सुमारे ७ टक्के. हा आकडा पुढे केला की कपातवाल्यांना फार बोलावं लागत नाही.

माझं मत: इथे कात्री नको. 'योजना बंद' असं सहसा कुणी म्हणत नाही. वर्षाला इतकीच सत्रं, प्रत्यारोपणानंतर इतकेच महिने औषधं, दर वर्षी पात्रतेची कागदपत्रं पुन्हा, अशी बारीक बारीक कात्री लागते.

थोडा इतिहास. १९६० साली सिएटलमध्ये डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हाताच्या रक्तवाहिन्यांत कायमची राहणारी टेफ्लॉनची नळी बसवली. मशीन त्याआधीही होतं, पण दर वेळी नवी रक्तवाहिनी लागायची, म्हणून आठवड्यामागून आठवडे डायलिसिस शक्यच नव्हतं. नळीमुळे ते जमलं, आणि मशीन अपुरी पडली. मग कुणाला घ्यायचं हे ठरवायला नागरिकांची समिती नेमली. ती उमेदवाराची नोकरी, लग्न, मुलं, मिळकत, चर्चला जाणं, सगळं बघायची. १९६२ मध्ये हे मासिकात छापून आलं आणि गहजब झाला. पुढे १९७२ च्या कायद्याने, वय न बघता, बहुतेक सगळ्या किडनी रुग्णांना मेडिकेअरचं छत्र मिळालं. विमा आक्रसला की ती समिती परत येते. फक्त आता ती एखाद्या अटीच्या आड बसलेली असते.

हिशेबी

असहमत. इतिहास अर्धा सांगितलात.

१९७१ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे एका रुग्णाला प्रत्यक्ष डायलिसिस लावून दाखवलं होतं. पुढच्याच वर्षी कायदा झाला. तेव्हा हिमोफिलियाचे, म्हणजे रक्त गोठत नाही अशा आजाराचे, रुग्ण नव्हते का? यकृत निकामी झालेले नव्हते? त्यांना मशीनवर बसवून दाखवता आलं नाही, एवढंच. जो डोळ्यांसमोर दिसतो त्याची सोय होते. एकाच आजाराला वेगळा दरवाजा का, याचं उत्तर तुमच्या लेखात नाही.

आणि खर्च. सुरुवातीला हजारांत असलेले डायलिसिसचे रुग्ण आज तिथे ५ लाखांच्या वर आहेत. बहुतेक केंद्रं दोन मोठ्या कंपन्यांच्या हातात. 'रुग्णांचं संरक्षण' म्हणून जो ओरडा होतो त्यात त्यांच्या नफ्याचं संरक्षण किती, तेही बोला.

सुई_नंबर_१५

मी डायलिसिस टेक्निशियन. धोरणातलं कळत नाही, मशीनपाशी काय होतं ते सांगते.

आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी साधारण चार तास. एक पाळी चुकलेला पेशंट दारातून येतानाच ओळखू येतो. पापण्या सुजलेल्या, बोलताना वाक्य मध्येच तुटतं, आडवं झालं की श्वास लागतो म्हणून रात्र खुर्चीत बसून काढलेली. वजन घेतलं की एरवी ड्राय वेटच्या (अंगात जादा पाणी नसतानाचं वजन) वर दोन किलो असतं, तिथे पाच-सहा निघतं. एवढं पाणी एका बैठकीत काढायला जावं तर बीपी कोसळतं, पोटऱ्यांत गोळे येतात. रक्तातलं पोटॅशियम चढलेलं असलं तर हृदय कधीही थांबू शकतं. नियमित येणाऱ्यांतसुद्धा आठवड्यातल्या दोन दिवसांच्या खंडानंतर मृत्यू जास्त होतात, हे अभ्यासांत दिसलेलं आहे.

तेव्हा 'सत्रांना मर्यादा' हे कागदावर मोघम दिसतं. मशीनवर ते याच आठवड्यात दिसतं.

उलटतपासणी

@सुई_नंबर_१५ सहमत. हा प्रयोग झालेलाच आहे. अमेरिकेत कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना अनेक राज्यांत ठरलेलं डायलिसिस मिळत नव्हतं. जिवावर बेतेपर्यंत थांबायचं आणि मग इमर्जन्सीत जायचं. नियमित डायलिसिस मिळणाऱ्यांशी तुलना केली तर मृत्यू कित्येक पटींनी जास्त, आणि अतिदक्षता विभागातल्या भरतीमुळे खर्चही जास्त. २०१९ मध्ये कोलोरॅडो राज्याने हा नियम बदलला.

हिशेबी

हा मुद्दा मान्य. खंड पाडू नये. पण त्यावरून 'दर कितीही असो, विचारू नका' असं निघत नाही.

फिरकी

एक नावडता प्रश्न. पंच्याऐंशीच्या पुढचा, हृदयविकार असलेला, बिछान्याला खिळलेला माणूस. अशांना डायलिसिसने मिळणारं जास्तीचं आयुष्य बऱ्याचदा थोडं असतं, आणि त्यातलं बरंचसं रुग्णालयात जातं. विमा पैसे देतो म्हणून लावायचंच का?

जुनंपान

@फिरकी, लावायचंच असं नाही. डायलिसिस न करता सूज, धाप, खाज, वेदना यांवर उपचार करत राहणं हा रीतसर पर्याय आहे, आणि त्या घरभेटींचे, त्या औषधांचेही पैसे विम्याने द्यावेत. पण नाही म्हणायचा हक्क त्या माणसाचा. वयाची अट घालून विम्याने त्याच्या वतीने नाही म्हणू नये.

दुसरी_खेळी

मला भावाची किडनी बसली आहे, म्हणून औषधांच्या मर्यादेवर बोलतो. टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायची, गोळी बारा तासांनी, ठरल्या वेळी, किडनी चालेल तोवर. रक्तातली तिची लेव्हल घसरली तर शरीर किडनीला परकी समजून हल्ला करतं, आणि सुरुवातीला काही जाणवतही नाही. क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात साचणारा घटक) वाढलेलं दिसतं तोवर बरंचसं बिघडलेलं असतं.

तरीही मेडिकेअरमध्ये केवळ किडनीमुळे पात्र ठरलेल्यांचं छत्र प्रत्यारोपणानंतर ३६ महिन्यांनी संपायचं. म्हणजे शस्त्रक्रियेचा खर्च सरकारने करायचा, ती टिकवणाऱ्या गोळ्यांना नाही म्हणायचं, आणि किडनी गेली की महागड्या डायलिसिसचे पैसे पुन्हा भरायचे! २०२० च्या अखेरीस कायदा झाला आणि २०२३ पासून, दुसरा विमा नसणाऱ्यांना, निदान या औषधांपुरतं संरक्षण मिळालं. हिशेबीसाहेब, ही तर तुमच्याच बाजूची गोष्ट आहे.

पाणपोई

थायलंडचं उदाहरण कुणी कसं काढलं नाही? २००८ मध्ये त्यांनी सार्वत्रिक योजनेत डायलिसिस आणलं, पण 'आधी पोटाचं डायलिसिस' या अटीवर. त्यात पोटात द्रव भरून काही वेळाने काढतात, त्याबरोबर रक्तातली घाण निघते. घरीच करता येतं, मशीन आणि नर्स कमी लागतात. २०२२ मध्ये निवड रुग्णांवर सोडली, तर मशीनकडे एवढा ओढा झाला की धोरण पुन्हा तपासावं लागलं. सगळ्यांना द्यायचं तर कुठेतरी अट येतेच.

शिवाय मधुमेह आणि रक्तदाबवाल्यांची लघवीतल्या अल्ब्युमिनची (किडनी बिघडू लागली की लघवीत उतरणारं प्रथिन) तपासणी वेळेवर केली तर मशीनपर्यंत पोचणारेच कमी होतील.

सुई_नंबर_१५

तपासणी हवीच. पण तिचा फायदा दिसायला वर्षं जातात. आज ज्याच्या फिस्टुलात (डायलिसिससाठी हातात जोडून केलेली रक्तवाहिनी) मी सुई घालते त्याच्या पैशांतून ती करू नका.

पोटाच्या डायलिसिसला विरोध नाही. मात्र घरी स्वच्छ कोपरा आणि हात धुवायला पाणी नसेल तर पोटात जंतुसंसर्ग होतो. अट घालणाऱ्यांनी पेशंटचं घर बघावं.

जुनंपान

@हिशेबी, दरांबद्दल. अमेरिकेत २०११ पूर्वी रक्तवाढीच्या इंजेक्शनचं बिल वेगळं लागायचं. जितकं टोचाल तितकं मिळेल! मग ते डायलिसिसच्या एकत्रित दरात घातलं आणि वापर घटला. जास्त वापराचे धोके तोवर पुढे आले होते, तेही एक कारण, पण बिलाची पद्धत बदलल्याचा वाटा मोठा. एकाही रुग्णाचं सत्र त्यासाठी कापावं लागलं नाही. अशी काटकसर करा, सही करायला मी पहिला.

हिशेबी

या शेवटच्या मुद्द्यावर वाद नाही. पण हिमोफिलियाचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

जुनंपान

किडनीचा दरवाजा बंद करून हिमोफिलियाचा उघडत नाही. त्यांच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथेही तुमच्याशी भांडायला येतो. बहुतेक तुमच्याच बाजूने.