शब्दचर्चा : शिकारीच्या धनुष्यावरील ‘साइट’ – स्थिर, जुळवती की सरकती?

प्रश्न

मी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात राहतो. येथील मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी धनुष्यबाणाने होणाऱ्या हरणांच्या शिकारीवर एक लेख लिहीत आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. इकडे मात्र परवाना काढून, ठरलेल्या हंगामात आणि ठरलेल्या संख्येपुरती ही शिकार रीतसर चालते. लेखाचा एक भाग कंपाउंड धनुष्यावर, म्हणजे टोकांना कप्प्या असलेल्या आधुनिक धनुष्यावर, बसवायच्या ‘साइट’ची, म्हणजे नेम धरण्याच्या साधनाची, निवड कशी करावी याविषयी आहे. दुकानात मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एका प्रकारात एकाखाली एक अशा तीन, पाच किंवा सात पिना असतात आणि प्रत्येक पिन वीस, तीस, चाळीस यार्ड अशा एकेका अंतरासाठी लावून ठेवलेली असते. दुसऱ्या प्रकारात बहुधा एकच पिन असते आणि बाजूचे चाक फिरवून ती हव्या त्या अंतरावर आणता येते. मी पहिलीला ‘स्थिर’ व दुसरीला ‘समायोज्य’ असे शब्द वापरले. त्यावर संपादकांनी विचारले, “स्थिर म्हणजे जी हलत नाही ती, मग पुढच्याच परिच्छेदात तुम्ही वाचकाला ती हलवून बसवायला कसे सांगता?” मला उत्तर सुचले नाही. योग्य शब्द कोणते?

प्रतिसाद १

आपल्या संपादकांची शंका रास्त आहे, आणि ती केवळ शब्दाची नाही. तथाकथित स्थिर साइटमधील प्रत्येक पिन ॲलन की (षट्कोनी किल्ली) लावून सैल करता येते, वर-खाली सरकवता येते आणि पुन्हा आवळता येते. शिवाय सगळ्या पिना ज्या कड्यात बसवलेल्या असतात ते कडेही एकत्रितपणे डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलते. सरावाच्या मैदानावर वीस यार्डांवरून मारलेले बाण मधल्या ठिपक्याच्या खाली लागत असतील, तर पिन खाली घ्यावी लागते, कारण पिन खाली गेली की ती लक्ष्यावर आणण्यासाठी धनुष्य आपोआप थोडे वर उचलले जाते. “बाण जिकडे जाईल तिकडे पिन न्यावी” असा नियम नवशिक्याला पहिल्याच दिवशी सांगितला जातो. म्हणजे हलणे दोन्ही प्रकारांत आहे. फरक आहे तो केव्हा हलवायचे याचा. पहिल्या प्रकारात हे काम हंगामापूर्वी मैदानावर उरकलेले असते, दुसऱ्या प्रकारात ते जनावर समोर आल्यावर करावे लागते. मराठीत या दोन क्रियांसाठी दोन क्रियापदे आहेतच: एकदा जुळवून ठेवणे आणि ऐन वेळी सरकवणे. ‘समायोज्य’ हा शब्द दोघींनाही लागू पडत असल्याने येथे निरुपयोगी आहे.

निवड कशी करावी याविषयीही लिहितो, कारण शब्द ठरवण्यासाठी ते लागेल. सेकंदाला २८० फूट वेगाने सुटणारा बाण धरा. वीस यार्ड जायला त्याला सेकंदाच्या पाचव्या हिश्शाहून किंचित अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात तो सुटल्या दिशेच्या रेषेपासून सुमारे नऊ इंच खाली येतो; चाळीस यार्डांपर्यंत हेच अंतर तीन फुटांच्या घरात जाते. तीस यार्डांची पिन धरून आपण पस्तीस यार्डांवरील हरणावर बाण सोडला, तर तो तीन ते चार इंच खाली लागेल; हरीण चाळीसवर असेल तर आठ इंचांच्या आसपास. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या छातीतील मर्मस्थान आठ ते दहा इंच व्यासाचे मानतात. म्हणजे मध्यावर नेम असताना पाच यार्डांची चूक जेमतेम खपते आणि दहा यार्डांची चूक जनावराला जखमी करून पळवून लावते. शिकाऱ्याला सर्वांत लाज वाटावी अशी गोष्ट तीच.

आता आपल्या पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात शिकारी झाडावरच्या मचाणावर बसतो, भोवती दाट झाडी असते आणि बहुतेक संधी वीस-तीस यार्डांच्या आतच मिळतात. हरीण चालत येते, झाडाआड जाते, पुन्हा निघते. आपण दोरी पूर्ण ओढलेली असताना ते अठरावरून एकतिसावर गेले, तर जुळवलेल्या पिनांत नुसती नजर खालच्या पिनेवर न्यायची असते. हात हलत नाही. सरकत्या साइटवर मात्र ओढ सोडून, चाक फिरवून पुन्हा दोरी ओढावी लागते, आणि तेवढ्या हालचालीने हरीण निघून जाते. याउलट जुळवलेल्या पिनांचाही एक दोष आहे. छाती धडधडत असताना पाचांपैकी नेमकी कोणती पिन धरायची याचा गोंधळ भल्याभल्यांचा होतो, आणि पहाटेच्या किंवा तिन्हीसांजेच्या अपुऱ्या उजेडात त्या पाच चमकत्या ठिपक्यांच्या गर्दीत हरीणच नीट दिसत नाही. म्हणून कित्येक जण एकपिनी सरकती साइट घेतात, ती पंचवीस यार्डांवर लावतात आणि मचाणावर असेपर्यंत चाकाला हातच लावत नाहीत. वर धरलेल्या वेगाला असा बाण वीस यार्डांवर सुमारे दीड इंच वर आणि तीस यार्डांवर अडीच इंच खाली लागतो; हा फरक कोणत्याही शिकाऱ्याला चालण्यासारखा आहे. गंमत अशी, की सरकती म्हणून विकत घेतलेली साइट तेव्हा पूर्णपणे स्थिर झालेली असते.

पश्चिमेकडील कोलोरॅडो, वायोमिंगसारख्या मोकळ्या मुलखात एल्क किंवा प्राँगहॉर्न या हरणासारख्या जनावरांच्या मागे जाणाऱ्याचे गणित वेगळे. तेथे अंतर लांब असते, रेंजफाइंडरने ते मोजायला बहुधा वेळ मिळतो, आणि सत्तेचाळीस यार्डांसाठी चाळीस व पन्नासच्या पिनांमधल्या मोकळ्या जागेत अंदाजाने नेम धरण्यापेक्षा चाक बरोबर सत्तेचाळीसवर आणणे केव्हाही चांगले.

माझे मत विचाराल, तर पूर्वेकडील मचाणावर नव्याने बसणाऱ्याने तीन पिनांची जुळवलेली साइटच घ्यावी. चाक हे नवशिक्याच्या हातातले खेळणे होते.

प्रतिसाद २

मी शब्दांपुरतेच लिहितो. ‘साइट’साठी मराठीत अगदीच शब्द नाही असे समजू नये. बंदुकीच्या नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी जो बारीक उंचवटा असतो त्याला आपण ‘माशी’ म्हणत आलो आहोत. धनुष्यावरील पिन नेमके तेच काम करते: ती डोळ्यापासून दूर, लक्ष्याच्या बाजूला असते आणि तिचे टोक लक्ष्यावर टेकवायचे असते. तेव्हा पिनेला ‘माशी’ म्हणायला अडचण नसावी.

दुसरा शब्द ‘शिस्त’. आज तो वळणापुरता उरला असला, तरी ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे हा त्याचा अर्थ जुन्या मराठीत होता. फारसीत ‘शस्त’ म्हणजे अंगठा, आणि दोरी ओढताना तिरंदाज अंगठ्यात घालतो ती कडीही. म्हणजे आपण बंदुकीकडे नेलेला हा शब्द मुळात धनुष्याचाच आहे. तो संपूर्ण साधनाला लावून ‘शिस्तपट्टी’ असा शब्द करता येईल काय, याचा विचार व्हावा.

प्रतिसाद ३

मी साताऱ्यात मुलांना कंपाउंड धनुष्य शिकवते. वरील दोन्ही शब्द वाचून आनंद झाला, पण ‘शिस्तपट्टी’ ऐकल्यावर माझी मुले मी छडी आणली असे समजतील. आमच्या मैदानावर मराठीतच बोलणे चालते आणि त्यात ‘साइट’, ‘पीप’, ‘स्कोप’, ‘रिलीज’ हे शब्द सर्रास असतात. “साइट दोन क्लिक खाली घे” हे वाक्य कोणालाही परके वाटत नाही. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे विजेते झाले, तेव्हापासून तर हे शब्द गावोगावच्या पालकांच्याही तोंडी आले आहेत. ‘माशी’ मात्र मी वापरून पाहणार आहे, निदान एकवचनी. पाच पिनांच्या साइटला ‘पाच माश्यांची साइट’ म्हटले तर वाचक लेखाऐवजी मिठाईच्या दुकानाकडे वळेल.

एक फरक येथे नोंदवावासा वाटतो. आमच्या कंपाउंडच्या मैदानी स्पर्धेत अंतर पन्नास मीटर असे आधीच जाहीर असते, आणि लक्ष्य ८० सेंटिमीटर व्यासाचे असते. त्यामुळे आमच्या साइटमध्ये एकच बिंदू पुरतो, त्यावर भिंग चढवता येते आणि सगळी मेहनत वाऱ्यावर व हाताच्या स्थिरतेवर खर्च करता येते. सरावात वेगळे अंतर घेतले तर आम्हीही साइट सरकवतो, पण ती कागदावरच्या नोंदीनुसार, सावकाश. प्रतिसाद १मध्ये म्हटल्याप्रमाणे ‘केव्हा’ हा प्रश्न आमच्यापुढे उभाच राहत नाही. म्हणून ‘सरकती’ हा शब्द शिकारीच्या साइटला जितका शोभतो तितका आमच्या साइटला शोभत नाही, हे ध्यानात घ्यावे. ओढलेल्या दोरीतील लहान छिद्रातून, म्हणजे ‘पीप’मधून, पाहणे दोन्हीकडे सारखेच असते, बंदुकीच्या मागच्या खाचेचे काम ते छिद्र करते. त्यामुळे ‘माशी’ला तिचा जोडीदारही मिळतो.

प्रश्नकर्ता

तिन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. ‘स्थिर’ आणि ‘समायोज्य’ हे दोन्ही शब्द काढून मी ‘जुळवलेल्या पिनांची साइट’ आणि ‘सरकती साइट’ असे लिहिले आहे, आणि पिनेचे काम समजावताना कंसात नव्हे, तर वाक्यातच ‘बंदुकीच्या माशीप्रमाणे’ असे म्हटले आहे. संपादकांना ते पटले. ‘शिस्त’विषयीची माहिती मोहक असली तरी लेखात ती भरकटवणारी ठरेल, म्हणून ठेवली नाही.

आता उरला तिसरा प्रकार. वर तीन किंवा पाच पिना जुळवलेल्या, आणि चाक फिरवले की सगळे कडेच खाली जाते. सर्वांत खालच्या पिनेने मग साठ-सत्तर यार्डांचे अंतर साधता येते. याला ‘संकरित’ म्हणावे का? शिवाय चाकाच्या कडेला जी अंतरांचे आकडे छापलेली पट्टी चिकटवतात तिला काय म्हणावे?

प्रतिसाद १

‘संकरित’ म्हटले की मराठी वाचकाला ज्वारी किंवा गाय आठवते. मी ‘दुहेरी साइट’ म्हणेन. ती विकत घेण्याचे कारणच दुहेरी आहे. जवळच्या, घाईच्या संधीसाठी नजर एका पिनेवरून दुसरीवर न्यावी, आणि जनावर लांब व निवांत असेल तर चाक वापरावे. ही सोय थोडी जड आणि बरीच महाग पडते, आणि लांबचे अंतर घेतल्यावर चाक मूळ जागी आणायचे राहून गेले, तर पुढच्या संधीला सगळ्याच पिना खोटे बोलतात. हा इशारा लेखात अवश्य द्यावा. पट्टीला ‘अंतरपट्टी’ म्हणावे. ती बसवण्यासाठी आधी वीस आणि साठ यार्डांवर प्रत्यक्ष बाण मारून चाकावर दोन खुणा कराव्या लागतात, आणि मग साइटसोबत आलेल्या अनेक छापील पट्ट्यांपैकी ज्या पट्टीवरचे वीस आणि साठ या खुणांशी जुळतात ती चिकटवावी लागते. बाणाचे वजन बदलले की बाणाचा वेग बदलतो आणि ही पट्टीही बदलावी लागते.

‘अंतर’ या शब्दाबाबत मात्र एक काळजी घ्यावी. डोंगरउतारावर किंवा उंच मचाणावर रेंजफाइंडरने दिलेले तिरपे अंतर आणि बाणाला लागू पडणारे आडवे अंतर एकच नसते. तीस अंशांच्या उतारावर खाली चाळीस यार्डांवर जनावर उभे असेल, तर चाक पस्तीसच्या जरासे अलीकडे ठेवावे लागते. चाळीसवर ठेवले तर बाण वरून जातो. वीस फूट उंचीच्या मचाणावरून वीस यार्डांवरील हरणासाठी हा फरक एका यार्डाहून थोडासाच अधिक असतो आणि तो सोडून दिला तरी चालते. कोन लक्षात घेऊन आडवे अंतर दाखवणारे रेंजफाइंडरही मिळतात. तेव्हा लेखात जेथे चाकाचा उल्लेख येईल तेथे नुसते ‘अंतर’ न लिहिता ‘आडवे अंतर’ असे लिहावे.