चौथा महिना लागलाय, मिस्टर पुण्याहून येतात, झिकाचं भ्या वाटायलंय

जालन्याची_सून:
ताई लोकहो, मिस्टर पुण्यात कंपनीत आहेत, दर शनिवारी घरी येतात. 2024 ला तिकडं गरोदर बायकांना झिका (डासातून येणारा विषाणूचा ताप) झाला होता हे परवा वाचलं आन् तेव्हापासून झोप उडालीय, बाळाचं डोकं लहान राहतं म्हणायलेत. त्यात मागच्या आठवड्यात मिस्टरांना बारीक ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल, दोन-तीन दिवसात गेलं सगळं. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी काय डास नव्हते का. मी जास्तच विचार करायले का?

सिस्टर_बीड:
नाही गं, बरं झालं विचारलंस. ताप-पुरळ म्हणजे झिकाच असं नाही, डेंग्यू-चिकुनगुनिया पण असू शकतो, पण त्यांची रक्त-लघवीची तपासणी आताच करा, उशीर झाला की सापडत नाही. आणि हे कोणी उघड बोलत नाही म्हणून मीच बोलते, झिका डासाशिवाय नवऱ्याकडून पण येतो, म्हणून बाळंत होईपर्यंत कंडोम नाहीतर लांबच राहा. झिका झालेल्या गरोदर बायकांतही 100 पैकी 5 ते 15 बाळांनाच त्रास होतो, सगळ्यांना नाही. तुझ्या डॉक्टरला हे सगळं सांग, पाचव्या महिन्याची सोनोग्राफी चुकवू नको, डोक्याची वाढ पुढच्या सोनोग्राफीत पण बघावी लागते.

लातूरकर_काका:
पोरी, आपल्याकडं नळ आठ-दहा दिवसाला, म्हणून घरात ड्रम आन् रांजण, तिथंच हा डास वाढतो. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आमच्या घरात माणसं कमी न् ड्रम जास्त होते. नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात, घासूनच काढावी लागतात. दर आठवड्याला घासा, कूलर पण. हा डास दिवसा चावतो बरं, दुपारी झोपताना मच्छरदाणी लाव.

सोनपेठची_मावशी:
कडुलिंबाचा धूर करा, आम्ही तेच करतो

सिस्टर_बीड:
मावशी, बंद खोलीत धूर नको, गरोदर बाईला त्रास होतो. आणि ताप आला तर घरातली कुठली पण गोळी घेऊ नको, डॉक्टरला विचारून पॅरासिटामॉलच.

जालन्याची_सून:
मिस्टरांना तपासणीला पाठवलंय. रिपोर्ट येईपर्यंत शनिवारी येऊ नका म्हणलं तर रुसलेत. ड्रम सासूबाईच घासायल्यात, मला वाकू देईनात.