जुन्या दगडांच्या शेजारी राहणाऱ्यांनो, लिहा! (सातारा-कराड अनुभव धागा)

परवा लिंबला बारामोटेच्या विहिरीवर गेलो. ११० फूट खोल, वर बारा मोटा एकदम चालतील एवढा घेर. १७१९ ते १७२४ मध्ये वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतली. पुण्याची पोरं रील काढत होती. कठड्याशी बसलेले आजोबा मला म्हणाले, "ह्यातच पवाय शिकलो आमी. आता तिकडं बघायचं का ह्यांच्याकडं, ते सांगा." तुमच्या दाराशी बुरूज, बारव, समाधी असेल तर लिहा. 'वारसा जपा' छापाचं नको, घडलं ते सांगा.

माहुलीकर: आमच्या संगम माहुलीत शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. आजी जाता-येता तिथं फूल ठेवायची. कुत्र्याला कशाला गं, म्हटलं की म्हणायची, "धन्याला जागला तो. तुझ्यापरीस बरा."

गोठेवाला: अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला घर आहे. खरं सांगतो, आमच्या गोठ्याच्या जोत्यात चार घडीव दगड आहेत. वडील म्हणायचे, गडावरनं गडगडत आले. गडगडत म्हणजे बैलगाडीतनं. एकावर कमळ कोरलंय, त्याची आईनं पायरी केली. रोज धारेची कासंडी त्यावरच टेकायची, त्यामुळं पाकळ्या एका बाजूनं गुळगुळीत झाल्यात. इतिहासाचे मास्तर घरी आले की आई त्यावर गोणपाट टाकायची. चोरी आहे हे तिला कळत होतं, आणि पायरीही हवी होती.

मलकापूरची: आगाशिवची लेणी दिसतात म्हणून फ्लॅट घेतला, चार पैसे जास्त मोजून. दोन वर्षांत समोर दुसरी बिल्डिंग उभी. आता खिडकीतून शेजारच्यांच्या गोधड्या दिसतात. श्रावणी सोमवारी डोंगर चढतो तेव्हा वरून आमचीच टाकी शोधतो.

कराडची सून: नकट्या रावळाची विहीर लग्नानंतर पाहिली. मे महिन्यात पायऱ्या उतरताना अंगावर काटा येईल असा गारवा. रावळ नकटा का, हे सासरी कुणी सांगितलं नाही अजून.

माहुलीकर: गोठेवाले, कमळ परत देणार का?

गोठेवाला: गोठा पाडून रो-हाऊस काढतोय. दगड बाजूला ठेवलाय, वर पोतं टाकून. द्यायला तयार आहे हो, पण घ्यायचा कुणी? तीन ठिकाणी विचारून आलो. सगळीकडं चहा मिळाला.