स्की आणि ओन्सेन : जपानात मुक्काम कुठे केलात?

फेब्रुवारीत जपानला जायचं ठरलंय. लेकाला स्की शिकायचंय. सासूबाईंना गरम पाण्याच्या कुंडांचं, म्हणजे ओन्सेनचं, भारी कौतुक, उन्हवऱ्याला नेमाने जाणाऱ्या त्या. पण शुद्ध शाकाहारी. आणि चारचौघांत कपडे काढायचे या कल्पनेनेच आमच्या ह्यांना घाम फुटलाय. स्कीच्या उतारावर नेणाऱ्या लिफ्टला लागून असलेलं हॉटेल घ्यावं की झऱ्यांच्या गावात राहावं? जाऊन आलेल्यांनी लिहा. फोटो बघून बघून सगळं सारखंच दिसायला लागलंय.

निशिकासाई, तोक्यो
गावातच राहा. नागानोतलं नोझावा ओन्सेन बघा. तोक्योहून शिनकान्सेन या बुलेट ट्रेनने ईयामा, पुढे बसने पंचवीसेक मिनिटं. गावात 13 सार्वजनिक स्नानघरं आहेत. गावकरीच ती आळीपाळीने साफ ठेवतात आणि बाहेरच्यांनाही जाऊ देतात. दाराशी पेटी असते, तीत नाणी टाकायची. त्यामुळे आलिशान कुंडवाल्या हॉटेलावर पैसे घालवायची गरज नाही, साधं घरगुती मिन्शुकु पुरतं. पाणी मात्र जहाल! ओगामा झऱ्यात ते 90 अंशांच्या आसपास असतं, गावकरी त्यात पालेभाजी उकडतात. स्नानघरात गार पाण्याचा नळ असतो, पण आत एखादे आजोबा बसलेले असले तर त्यांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नका. खोली गावाच्या वरच्या अंगाला घ्या. स्कीचे बूट घालून बर्फातला चढ चढणं ही शिक्षा आहे. हिकागेच्या उताराकडे जायला सरकता रस्ता आहे, त्याच्या पायथ्याशी जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं.

सेन्दाई
सासूबाई बरोबर आहेत म्हणून मी यामागातातलं झाओ ओन्सेन सुचवेन. स्की न करणाऱ्यांनाही रोपवेने वर जाऊन बर्फाने पार लिंपलेली झाडं, म्हणजे तिथलं जुह्यो, बघता येतात, आणि फेब्रुवारी हा त्यांचा ऐन भर. पाणी गंधकाचं, चांगलंच आम्ल. डोळ्यांत गेलं तर झोंबतं. चांदीची जोडवी-पैंजण खोलीतच काढून ठेवा, नाहीतर काळी ठिक्कर पडतील. आमच्या हॉटेलच्या जाहिरातीत (नाव नको) 'लिफ्ट पाच मिनिटांवर' असं होतं. ती पाच मिनिटं त्यांच्या गाडीने, आणि गाडीची शेवटची फेरी दुपारी चारला! चालत किती वेळ लागतो, ते आधीच विचारा.

योकोहामा
जेवणाचं सांगते. र्‍योकानचा, म्हणजे पारंपरिक जपानी निवासाचा, दर बहुधा खोलीमागे नसतो, माणशी असतो, आणि त्यात रात्रीचं जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. 'शाकाहारी' एवढंच कळवलंत तर मांस काढतील, पण सूपमध्ये बोनितो माशाचा अर्क राहीलच. म्हणून 'माशाचा अर्कही नको' असं जपानीत लिहून, बुकिंग करतानाच कळवा. ऐनवेळी सांगून उपयोग नाही, तिथला स्वयंपाक आधीपासून ठरलेला असतो. जमणार नाही म्हणाले तर बिनजेवणाचा दर मागा. भात कुठेही मिळतो, मेतकूट बरोबर असू द्या.

नागोया
ह्यांना सांगा, घाबरू नका. 'काशिकिरी' म्हणजे तासाभरासाठी कुटुंबापुरतं राखून ठेवता येणारं कुंड बऱ्याच ठिकाणी असतं. खोलीतच उघड्यावरचं कुंड असलेल्या जागाही आहेत, पण महाग. आणि ताई, सासूबाईंच्या हातावर गोंदण आहे का? टॅटू असलेल्यांना अनेक ठिकाणी सार्वजनिक कुंडात उतरू देत नाहीत. काही जागी छोटं गोंदण पट्टीने झाकलेलं चालतं.

पुणे
लेकाला दोन तास बर्फात पडून बघायचं असेल तर एवढा खटाटोप कशाला? तोक्योहून थेट गाला युझावा या स्कीच्या ठिकाणी जा. स्टेशनाच्या इमारतीतूनच उतारावर नेणारा गोंडोला (बंद पाळणा) सुटतो, संध्याकाळी परत. ओन्सेनचा हट्ट असेल तर अलीकडच्या एचिगो-युझावा स्टेशनाशेजारी एक रात्र राहा.

मूळ प्रश्नकर्ती
गोंदण आहे, कोपरापर्यंत! ते पट्टीने झाकलं जाणारं नव्हे. म्हणजे राखीव कुंड लागणारच, ह्यांचीही सोय झाली. झाओचं नक्की करतेय, रोपवेमुळे. लेकाचा पाय 11 नंबरचा आहे, बूट भाड्याने मिळतील ना?

सेन्दाई
जपानात मापं सेंटीमीटरमध्ये सांगतात. पाऊल मोजा आणि आत्ताच कळवून ठेवा, मोठ्या मापाचे जोड मोजकेच असतात.